बघणाऱ्याचा वाटा

विकथा चार. स्त्रीकथा, भोजनकथा, राष्ट्रकथा आणि राजकथा. हजार वर्षांपूर्वीच्या गोम्मटसारात पंधरा प्रमाद सांगितलेत, त्यात या चौघी अगदी पहिल्या. झोपेचा नंबरसुद्धा त्यांच्या मागं. आमच्या बस्तीत स्वाध्यायाला हा भाग आला की बायका एकमेकींकडे बघून हसतात. कारण बाहेर येऊन चपला पायात घालेपर्यंत त्यातल्या तीन तरी आमच्या उरकलेल्या असतात. कुणाच्या सुनेनं काय केलं, पारण्याला काय काय होतं, आणि कुठला आमदार कुठल्या पक्षात उडी मारणार.

आता हातातला फोन उघडून बघा. बोटानं वर सरकवत गेलं की आधी एखाद्या नटीचा लग्नातला फोटो, मग कुणीतरी तापल्या तव्यावर लोण्याचा गोळा सोडतंय, मग सीमेवरची चकमक, मग मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलली की राहिली. आणि परत नटी. यादी करणाऱ्यांनी फोन पाहिला नव्हता, पण माणूस पुरता पाहिला होता, एवढंच मनात येतं.

हे मी नाक मुरडायला लिहीत नाही. मी स्वतः सिनेमाची वेडी आहे. आमच्या भागातल्या बाईला तर सिनेमा तीन-तीन भाषांत मिळतो. घरात मराठी, तालुका कचेरीत कन्नड, बस्तीत संस्कृत-प्राकृत आणि थेटरात हिंदी, अशी आमची वाटणी. वडील डॉ. राजकुमारांचे कन्नड सिनेमे दाखवायचे, कारण त्यात मारामारी असली तरी घरंदाज असायची. दादा कोंडक्यांचा सिनेमा मात्र ते एकटेच बघून यायचे आणि जेवताना आठवून आठवून हसायचे. आजही पेपर आला की मी आधी शेवटचं पान उघडते. आमचे हे म्हणतात, "देश पहिल्या पानावर आहे." असू दे की. तो कुठं पळून जाणाराय?

अशा माझ्यासारख्या माणसांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "आपण काय ओ, नुसतं बघतो." कुणाचं वाईट केलं नाही, कुणाला करायला लावलं नाही, नुसतं बघितलं. या 'नुसतं'चा हिशोब मला बरीच वर्षं लागत नव्हता. तो मांडून बघायचा आहे.

आधी वेडाची बाजू मांडते, कारण ती कुणी नीट मांडत नाही. श्रीदेवी माझी. आता ती माझी कशी, कधी भेटले, तर कधीच नाही. तामिळनाडूची मुलगी, चार वर्षांची असताना पडद्यावर आली. सुरुवातीच्या हिंदी सिनेमांत तिचे संवाद दुसऱ्याच बायका बोलायच्या. १९८९ च्या 'चांदनी'त तिला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. मग मधली बरीच वर्षं ती दिसलीच नाही, आणि २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये शशी गोडबोले होऊन आली. पुण्याची, लाडू वळून विकणारी. न्यूयॉर्कमधल्या त्या कॉफीच्या दुकानात तिला काय हवंय ते नीट सांगता येत नाही आणि समोरची बाई तिला घाई करते, तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल. मला तेव्हा आमच्या तालुका कचेरीतली खिडकी आठवली. कन्नड बोलता येतं हो, पण अर्जातलं सरकारी कन्नड वेगळं, आणि मागं रांग उभी. तमिळ बाईनं हिंदीत मराठी गृहिणीची लाज दाखवली आणि बेळगाव जिल्ह्यातल्या एका बाईला ती आपली वाटली. याला विकथा म्हणायची माझी तयारी नाही. तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्यात: मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ. दुसऱ्याचा गुण बघून मन फुलून येणं म्हणजे प्रमोद. फॅन असण्याचा जो चांगला भाग आहे तो हाच.

पण २४ फेब्रुवारी २०१८ ला ती दुबईत गेली. नात्यातल्या लग्नाला म्हणून गेली होती, वय ५४. आधी हृदयविकार म्हणाले, मग हॉटेलच्या न्हाणीघरात टबात बुडून मृत्यू आला असं दुबई पोलिसांनी सांगितलं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस बातमीच्या वाहिन्यांवर जे चाललं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. टबाची चित्रं, टबात तरंगणारी बाई, पाणी किती, उंची किती. एका वाहिनीचा वार्ताहर तर स्वतः टबात आडवा झाला. आमच्याकडे मेलेल्या माणसाला आंघोळ घालताना आडोसा करतात. घरातली चार माणसं सोडली तर त्या आडोशाच्या आत कुणी डोकावत नाही. ते सांगावं लागत नाही. इथं सगळा देश आडोशाच्या आत उभा होता.

आणि तेच लोक होते ना. 'चांदनी'ला टाळ्या वाजवणारे आणि टब बघणारे वेगळे नव्हते. माझी एक आत्या, श्रीदेवीवर जीव टाकणारी, डोळ्याला पदर लावून ते सगळं बघत होती. "बाई गं, कशी गेली ओ पोर," म्हणायची आणि पुढची वाहिनी लावायची. तिच्या रडण्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला हा प्रश्न अवघड वाटतो. वाईट मनानं बघणारा माणूस असता तर त्याला दोष देऊन मोकळं होता आलं असतं.

आमच्यात जपमाळेला १०८ मणी का, याचं एक उत्तर असं देतात. पाप मनानं, वचनानं, कायेनं होतं, हे तीन. ते आपण करतो, दुसऱ्याकडून करवून घेतो किंवा केलेल्याला मान डोलावतो. कृत, कारित, अनुमोदित, हे तीन. ठरवणं, जुळवाजुळव करणं आणि सुरू करणं, म्हणजे संरंभ, समारंभ, आरंभ, हे तीन. (आपण मराठीत समारंभ कशाला म्हणतो आणि शास्त्रात तो काय आहे, हे आठवलं की वाहिन्यांवरचा तो थाटमाट मला बरोब्बर समारंभ वाटतो.) आणि या सगळ्याच्या मागं क्रोध, मान, माया, लोभ, हे चार. गुणाकार केला की १०८. लहानपणी हे मला पाढे पाठ करण्यासारखं वाटायचं. आता वाटतं, त्या हिशोबातली एक जागा फार विचार करून ठेवलेली आहे. करणारा एक, करवणारा एक, आणि अनुमोदन देणाराही त्याच ओळीत, तितक्याच मण्यांचा धनी. १०८ पैकी ३६ मणी नुसते मान डोलावणाऱ्याचे.

लोकांना हे पूर्वी पटवून द्यावं लागायचं. मी घरात बसून मनातल्या मनात 'बरं झालं' म्हटलं तर बाहेर काय फरक पडतो, असं विचारणाऱ्याला उत्तर देताना स्वाध्याय घेणारे अडखळायचे. हल्ली अडखळायचं कारण नाही. वाहिनी किती घरांत किती वेळ लागली, हे ठरावीक घरांतल्या टीव्हीला यंत्र जोडून मोजतात, त्यावर जाहिरातीचा दर ठरतो आणि त्या दरावर उद्या काय दाखवायचं ते ठरतं. फोनमध्ये तर यंत्र जोडायलाही नको. कुठल्या व्हिडिओवर बोट किती सेकंद थांबलं तेही कळतं. दहा लाख लोकांनी पाहिलं असं खाली लिहून येतं, ते दहा लाखांचं अनुमोदनच आहे. आणि त्यातून पुढचा व्हिडिओ निघत असेल तर मला ते कारितसुद्धा वाटतं. मान डोलावणं आणि करवून घेणं यांच्यामधली भिंत आता फार पातळ झालीय.

२०२० चा उन्हाळा-पावसाळा आठवा. १४ जूनला सुशांत सिंह राजपूत गेला. चांगला नट, ३४ वर्षांचा. सगळे घरात कोंडलेले, त्यामुळं सगळे बघत होते. महिन्याभरात दुःख मागं पडलं आणि शोध सुरू झाला; शोधाला एक बाई लागते, ती मिळाली. रिया चक्रवर्तीनं काळी जादू केली इथपर्यंत बोलून झालं. सप्टेंबरमध्ये देशात दिवसाला नव्वद हजारांच्या वर कोरोनाचे नवे रुग्ण सापडत होते, आणि वाहिन्यांचे कॅमेरे तिच्या गाडीमागं धावत होते. चौकशीला जाताना मायकांच्या गर्दीतून ती बाई अक्षरशः चेंगरत गेली. ८ सप्टेंबरला तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, जवळजवळ महिनाभर ती भायखळ्याच्या तुरुंगात होती, ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला. याच न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांनी चालवलेल्या या खटल्यांबद्दल कानउघाडणी केली. पुढं मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करत असल्याचा अहवाल कोर्टात दिला. त्या बातमीला आमच्या पेपरात बोटभर जागा होती.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड सांगितलेत. पोटासाठी, घरासाठी जी हिंसा घडते ती वेगळी. ही काही कारण नसताना घडते म्हणून अनर्थदंड. पाच प्रकार आहेत, त्यातले दोन मला त्या वर्षी रोज रात्री नऊ वाजता दिसायचे. एक दुःश्रुति, मन नासवणारं ऐकत राहणं. दुसरं अपध्यान: अमक्याला बांधावं, मारावं, अमकीचं वाटोळं व्हावं असं मनात घोळवणं. आणि हे चिंतन द्वेषानं होतं तसंच रागानंही होतं, असं आचार्य म्हणतात. मराठीत राग म्हणजे संताप, पण शास्त्रात राग म्हणजे जीव जडणं. सुशांतवर जीव जडलेल्यांनीच त्या मुलीला फाडलं. आमच्या गल्लीतल्या, मुंगी चिरडू नये म्हणून दिवेलागणीनंतर अंगण न झाडणाऱ्या एक काकू म्हणायच्या, "हिला सोडू नयेत ओ." त्यांना त्या मुलीचं पूर्ण नावही धड माहीत नव्हतं.

इथपर्यंत आलं की मंडळी म्हणतात, मग सोडा ते सगळं. सिनेमा सोडा, बातम्या सोडा, फोन ठेवा पेटीत. चातुर्मासात आलेल्या एका आर्यिका माताजींनी आम्हाला तसंच सांगितलं. त्यांच्या वाटेवर ते बरोबरच आहे. पण मी श्राविका आहे, घरात राहते, आणि बाई आहे, म्हणून एक गोष्ट मला बोलून दाखवावी लागते. त्या चार विकथांतली पहिली स्त्रीकथा. यादी मुळात मुनींसाठी केलेली, म्हणून त्यांच्या दृष्टीनं बाई हा बोलण्याचा विषय, टाळायचा. पण उतरत उतरत तिचा अर्थ 'बायकांच्या गप्पा' असा झाला, आणि बायका एकत्र बसून जे काही बोलतात ते सगळं त्या एका शब्दाखाली ढकललं गेलं. कुणाच्या हातावर वळ आहेत, कुठल्या घरात सून द्यायची नाही, कुठल्या मास्तरकडे मुलीला एकटी शिकवणीला पाठवायची नाही, हे आम्हाला कुणी छापून दिलेलं नाही. परड्यात धुणं वाळत घालतानाच कळलंय.

सिनेमातही तेच. कुठल्या दिग्दर्शकाच्या खोलीवर जायचं नाही, हे नट्या एकमेकींच्या कानात सांगत आल्या. बाहेर त्याला 'फिल्मी गॉसिप' म्हणून हसत होते. केरळात २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाल्यावर तिथल्या बायका एकत्र आल्या, सरकारनं न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. समितीनं २०१९ च्या अखेरीला अहवाल दिला आणि तो जवळजवळ साडेचार वर्षं कपाटात पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये, काही पानं वगळून का होईना, बाहेर आला. त्यात होतं काय, तर बायका वर्षानुवर्षं जे कुजबुजत होत्या तेच. म्हणजे कुजबूज खरी होती आणि कपाट खोटं.

तेव्हा विषय बाईचा आहे, नटीचा आहे, एवढ्यावरून विकथा ठरत नाही. मी माझ्यापुरती एक पारख ठेवली आहे. ही गोष्ट ऐकून कुणाची मार खाण्याची वेळ टळते का, की कुणाला मार बसतो? हेमा समितीच्या बातम्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या आणि सुनेला वाचायला दिल्या. घटस्फोट घेतलेल्या नटीच्या घराबाहेर उभं राहून तिच्या मुलाला हाका मारणाऱ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आला की बोट थांबू देत नाही. पारख पक्की नाही, मधल्या गोष्टी पुष्कळ निसटतात. पण तराजू असला की निदान वजन करायची सवय राहते.

अनुमोदनेची दुसरी बाजू मात्र आमच्या लोकांना सांगितलेली आवडते, आणि ती खरीही आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात वज्रजंघ आणि श्रीमती वनात मुनींना आहार देतात. तिथं चार जनावरं उभी असतात: वाघ, डुक्कर, वानर आणि मुंगूस. त्यांच्याकडे द्यायला काही नाही, पुढं येऊन पडगाहन करता येत नाही. ती नुसती बघतात आणि त्यांना बरं वाटतं. तेवढ्यावर चौघांना भोगभूमीचा जन्म मिळतो. पुराणात नुसत्या प्रेक्षकांना एवढं मोठं बक्षीस दुसरीकडे कुठं मिळालेलं मला आठवत नाही.

२९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार गेला, ४६ व्या वर्षी. आमच्याकडचे कन्नड शेजारी घरातला मुलगा गेल्यासारखे बसले होते. त्याच्या वडिलांप्रमाणे त्याचेही डोळे दान केले गेले आणि चार जणांना दृष्टी आली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला रांगा लागल्या. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, टेलर. त्यांच्यातल्या कुणालाही पुनीत भेटला नव्हता. त्यांनी त्याला पडद्यावर नाचताना पाहिलं होतं आणि मग हे करताना पाहिलं. बघण्याचा वाटा असाही पडतो.

आता याच राज्यातली दुसरी गोष्ट. जून २०२४ मध्ये कन्नड नट दर्शनला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. मेलेला माणूस त्याचाच फॅन. त्यानं एका अभिनेत्रीला घाणेरडे मेसेज पाठवले म्हणून त्याला पळवून नेऊन मारलं, असा आरोप आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं जामीन रद्द केला. दोष आहे की नाही हे कोर्ट ठरवेल. माझं बोलणं त्या नटाबद्दल नाहीच. तुरुंगात त्याला ६१०६ हा कैदी नंबर मिळाला, आणि बघता बघता तो नंबर पोरांच्या गाड्यांवर आला, दंडावर गोंदवला गेला. एका तान्ह्या बाळाला कैद्याचे कपडे घालून, त्यावर हा नंबर लिहून फोटो काढले गेले.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या मोटारसायकलवरही ६१०६ आला. चांगला मुलगा आहे. माझं सिलिंडर वर चढवून देतो, बस्तीतल्या पूजेला फुलं आणतो. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काकू, मी काय मारलंय व्हय कुणाला? माझा हीरो अडचणीत आहे, मी सोबत आहे, एवढंच."

"सोबत कशात आहेस?"

"म्हणजे?"

"जो मेला, त्याची बायको तेव्हा गरोदर होती. उद्या ते पोर मोठं होऊन रस्त्यानं जाताना तुझी गाडी बघेल, तेव्हा त्याला काय वाचायला मिळणार?"

तो काही बोलला नाही. मग जरा वेळानं म्हणाला, "म्हणजे त्याचा सिनेमापण बघायचा नाही?"

याचं उत्तर मला सरळ देता आलं नाही. त्याचे जुने सिनेमे पुन्हा थेटरात लागले, त्यात तो नाचतो, हसवतो, आणि ते काम त्यानं केलेलं खरं आहे. गुणाचा प्रमोद आरोपामुळं खोटा होत नाही. पण तिकिटाचे पैसे गुणाला वेगळे आणि माणसाला वेगळे जात नाहीत, आणि थेटरात शिट्टी वाजते तेव्हा ती कशासाठी वाजली हे लिहून ठेवलेलं नसतं. मी त्याला म्हटलं, "सिनेमा बघ बाबा. बघून ये आणि कसा वाटला सांग. तो नंबर तेवढा काढ." त्यानं मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून कळलं नाही.

पंधरा-वीस दिवस नंबर तसाच होता. परवा त्याची आई पाणी भरताना विचारत होती, पत्र्यावरचं स्टिकर कशानं निघतं. खोबरेल लावून रात्रभर ठेवायला सांगितलं आहे.